जिन्यातली खुंटी

माझ्या फोनमध्ये एक मेसेज जपून ठेवलेला आहे. चारच शब्दांचा: ‘वर आहोत. सगळे ठीक.’ तारीख २२ जुलै २०२१, वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. चिपळूणहून, आत्याच्या बटणाच्या फोनवरून आलेला. त्या दिवशी पहाटेपासून मी ठाण्यात बसून आत्याचा, दादाचा, वहिनीचा, शेजारच्यांचा असे सगळे नंबर फिरवत होते आणि एकही लागत नव्हता. टीव्हीवर चिपळूणची बाजारपेठ दाखवत होते. तपकिरी पाणी आणि त्यातून वर राहिलेल्या छपरांच्या कडा, एवढंच. मेसेज वाचला आणि मी ओट्याला धरून खालीच बसले. त्यानंतर दोन फोन बदलले. दर वेळी नव्या फोनात सगळ्यात आधी तो मेसेज आला की नाही ते पाहते.

त्या पुरानंतर चिपळूणला जाणं झालं होतं, पण घाईचं. लग्न, बारसं, दिवसकार्य. या आषाढात मात्र तीन दिवस काढून मुद्दाम गेले. चार शब्दांचा तो मेसेज माझ्यापर्यंत पोचला कसा, हे मला नीट, त्या घरात बसून ऐकायचं होतं.

मांडवी एक्स्प्रेसची खिडकी मिळाली होती. माणगावच्या पुढे पाऊस आडवा यायला लागला आणि फोनची बॅटरी उतरायला लागली. या मार्गावर हे नेहमीचंच. डोंगरांच्या घड्यांमध्ये फोन टॉवर शोधत राहतो, सापडेना की अधिक जोर लावतो, आणि काहीही न करता खिशातल्या खिशात तापतो. मी फोन विमान मोडवर टाकला आणि आधी उतरवून ठेवलेला नकाशा उघडला. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, वरून उपग्रहांचे संकेत मिळाले की पुरतं. निळा ठिपका हिरव्या पट्ट्यातून शांतपणे दक्षिणेकडे सरकत होता. नातूवाडीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा तोही थांबला. चार किलोमीटरांहून लांब बोगदा. आत कसलाच संकेत नाही. बाहेर आलो, थोड्या वेळानं ठिपक्यानं एक उडी मारली आणि गाडीला गाठलं.

पुढे एका कटिंगपाशी गाडीचा वेग कमी झाला. रुळांलगत रेनकोट घातलेला ट्रॅकमन उभा होता, खांद्यावर झोळी, हातात दिवा. पावसाळाभर ही माणसं रात्रंदिवस रुळांवर पायी गस्त घालतात. दरडीचा एखादा दगड जरी रुळांवर दिसला तरी गाडी थांबवायची, एवढ्यासाठी. कोकण रेल्वेनं पावसासाठी बरीच यंत्रं लावली आहेत. चिपळूण स्टेशनात पाऊस आपोआप नोंदणारं पर्जन्यमापक आहे. चिपळूण आणि कामथे यांच्या मधल्या वाशिष्ठीच्या पुलावर पूर-इशारा यंत्रणा आहे. पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं की ती अधिकाऱ्यांना कळवते. काळ आणि सावित्री नद्यांच्या पुलांवरही तीच व्यवस्था. तरीही दिवा घेतलेला माणूस चालतोच आहे. त्याच्या हातातला दिवा रोज पेटतो, रोज भिजतो, रोज पुसला जातो. त्या वेळी मी नुसतं पाहिलं. त्याचा अर्थ आत्याच्या घरी लागला.

स्टेशन वालोप्याला, नदीच्या अलीकडे. दादा न्यायला आला होता. दादा म्हणजे माझा आतेभाऊ; चिंचनाक्याजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पुलावर येताच त्यानं गाडी हळू केली, न सांगता. चिपळूणकर माणूस पावसाळ्यात पूल ओलांडताना वाशिष्ठीकडे बघितल्याशिवाय पुढे जात नाही. पाणी भरून वाहत होतं, पण काठाच्या आत. “पोफळी चालू आहे,” दादा म्हणाला. म्हणजे कोयनेची जनित्रं चालू आहेत. सह्याद्रीच्या पलीकडे अडवलेलं कोयनेचं पाणी बोगद्यांतून इकडे उतरतं, वीज करतं, कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडतं, पुन्हा वीज करतं, आणि शेवटी अवजल होऊन वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅटचा प्रकल्प. इथल्या माणसांना नदीचा रंग आणि वेग पाहून वर काय चाललंय याचा अंदाज येतो.

आत्याचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. खाली पडवी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा. माळ्याचा लाकडी जिना माजघरातूनच चढतो. जिन्यालगतच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची निळी, पुढे लिहिलंय २००५. वरची लाल, पुढे २०२१. दोन्हींमध्ये वीतभर अंतर. लाल रेघेच्याही बऱ्याच वर, पायरीवर उभं राहून हात उंच केला की पोचेल अशा बेतानं, एक सागवानी खुंटी ठोकलेली आहे. खुंटीला खाकी पिशवी.

“ही पुराची पिशवी ना?” मी विचारलं.

“पुराची कसली गो, रोजची आहे,” आत्या म्हणाली आणि ती उतरवून माझ्या मांडीवर ठेवली.

आत डोक्याला बांधायचा दिवा. दोन पॉवर बँका, प्रत्येकी दहा हजार एमएएचच्या. आत्याचा बटणाचा फोन. तळहातावर मावेल एवढा रेडिओ. एक शिट्टी. झिपच्या जाड प्लास्टिक पाकिटात घराच्या कागदांच्या प्रती, एक पेन ड्राइव्ह आणि नखाएवढं मेमरी कार्ड. चार्जिंगच्या दोन वायरी, रबरबँड लावून गुंडाळलेल्या. बस. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये याच्या दुप्पट वस्तू होत्या आणि त्यांतल्या निम्म्या मी महिनोन् महिने वापरल्या नव्हत्या.

मग संध्याकाळी, पडवीत पाऊस ऐकत, आत्यानं पिशवीची गोष्ट सांगितली. ती सुरू होते २००५ पासून. २६ जुलैच्या त्या पुरात घरात कमरेवर पाणी आलं आणि रात्र अंधारात काढावी लागली. तेव्हा आतोबा होते. पाणी ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी चार सेलचा मोठा स्टीलचा टॉर्च आणला. माळाभर उजेड पडेल असा. पुन्हा वेळ आली तर हाताशी असावा म्हणून सेल घालून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला. घरात ताकीद होती, त्याला कुणी हात लावायचा नाही. आतोबा पुढे गेले. ताकीद राहिली.

२१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेना. आदल्याच दिवशी आषाढी एकादशी झाली होती, पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर. म्हणजे उधाणाचे दिवस. वरून पाऊस आणि धरणाचं पाणी, खालून खाडीची भरती, मधे चिपळूण. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं आणि बघता बघता माजघरात आलं. वीज गेलेली. सगळे माळ्यावर चढले: आत्या, दादा, वहिनी, दोन मुलं आणि शेजारचे एकटे राहणारे आजोबा. आत्यानं चाचपडत ट्रंक उघडली, टॉर्च काढला, बटण सरकवलं. काही नाही. सकाळच्या उजेडात उघडून पाहिला तर आतले सेल पाझरून पांढरी-हिरवट भुकटी झालेली. स्प्रिंग खाल्ली गेलेली. सोळा वर्षं जपलेली वस्तू.

“त्यांची चूक नव्हती,” आत्या म्हणाली. “माणूस जपून ठेवतो म्हणजे काय करतो, तर बाजूला ठेवतो. तेवढंच चुकलं.”

साध्या सेलचं बाहेरचं नळकांडं जस्ताचं असतं. तेच हळूहळू झिजून वीज देतं, आणि वापर नसला तरी आतली रासायनिक क्रिया पुरती थांबत नाही. पत्रा पातळ होतो, फुटतो, आतला रस बाहेर येतो. लिथियमच्या बॅटऱ्या सहसा अशा पाझरत नाहीत, पण त्याही नुसत्या पडून राहिल्या की हळूहळू उतरतात. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिल्या तर पुन्हा चार्ज घेतच नाहीत. हे मला दादानं सांगितलं. आत्यानं ते एका वाक्यात सांगितलं होतं.

त्या रात्री उजेड दिला तो दादाच्या डोक्याच्या दिव्यानं. दुकानात बारीक सोल्डरिंग करताना तो रोज हा दिवा लावायचा. लॉकडाऊनमुळे दुकान धड चालत नव्हतं, तो काही फोन घरी आणून दुरुस्त करायचा. म्हणून दिवा माळ्यावर टेबलापाशीच होता, आणि रोज वापरात असल्यामुळे रोज चार्ज होत होता. त्याच्या उजेडात आजोबांना जिना चढवला, गॅसचा सिलिंडर बंद केला, देव वर आणले.

घरात चार फोन होते. तीन मोठ्या पडद्याचे, एक आत्याचा बटणाचा. पॉवर बँक एकच, तीही अर्धी. सकाळी दादानं ठरवलं: तिन्ही मोठे फोन पूर्ण बंद. बटणाचा फोन दर तासाला पाच मिनिटं चालू करायचा, रेंज बघायची, पुन्हा बंद. हे साधं वाटतं, पण बाहेर गळ्यापर्यंत पाणी असताना फोन बंद करून ठेवायला केवढं धैर्य लागतं, त्याची मला कल्पना करवत नाही. शहरातली बहुतेक नेटवर्क बसली होती. टॉवर उंच असला तरी त्याची वीज, बॅटऱ्या आणि जनरेटर जमिनीवर असतात; ते बुडाले की टॉवर नुसता लोखंडी सांगाडा. दुपारी चार वाजून गेल्यावर, डोंगरावरच्या कुठल्या तरी लांबच्या टॉवरची एक काडी दिसली. दादानं फोन लावून पाहिला, लागला नाही. आत्या म्हणाली, “दोन शब्द टाक.”

आवाजाच्या कॉलला दोन्ही टोकांना बराच वेळ मोकळी वाट लागते. मेसेज मात्र चिठ्ठीसारखा, क्षणभर फट सापडली तरी निघून जातो. आणि पुढे लगेच पोचला नाही तर कंपनीच्या केंद्रात थांबून पुन्हा प्रयत्न करतो. देवनागरीतल्या एका मेसेजमध्ये ७० चिन्हं मावतात. आत्याला वीससुद्धा लागली नाहीत.

त्याच दिवशी याच गावात एसटीचे आगारप्रमुख आगारातली लाखो रुपयांची रोकड सांभाळत बुडालेल्या बसच्या टपावर तासन् तास बसून होते, हे पुढे वर्तमानपत्रांत आलं. चिपळूणमधल्या प्रत्येक घरात त्या दिवसाची अशी एक उंच जागा आहे. कुणाचं टप, कुणाची गच्ची, कुणाचा माळा.

पाणी उतरल्यावर खुंटी ठोकली गेली आणि नियम झाला. पिशवीत तीच वस्तू राहील जी रोज बाहेर येईल. दिवेलागणीला पिशवी उतरते. आत्या परसात विहिरीचा पंप लावायला जाते ती डोक्याला दिवा बांधून. स्वयंपाकाला ओट्यावर सावली पडते म्हणून तोच दिवा. रेडिओ सकाळी देवपूजेच्या वेळी लागतो. बटणाचा फोन तर तिचा नेहमीचाच. पॉवर बँका मुलं अभ्यासाला, दादा गावोगाव फिरताना घेऊन जातो, आणि रात्री नऊच्या आत जिथल्या तिथे. झोपताना वहिनी पिशवी वर टांगते. सोळा वर्षं बंद ट्रंकेत असलेल्या टॉर्चच्या जागी रोज झिजणारी पिशवी आली. वस्तूंवर ओरखडे आहेत, दिव्याचा पट्टा एकदा शिवलेला आहे. मला त्या ओरखड्यांचा भरवसा वाटला.

दुसऱ्या दिवशी दादाच्या दुकानात बसले. काउंटरवर काच, आत मायक्रोस्कोप, सोल्डरिंग, गरम हवेचं मशीन, आयपीएची बाटली. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्ड धुवायला लागतं. २०२१ मध्ये हे सगळं चिखलात गेलं होतं. कराडचा एक मित्र कुंभार्ली घाट मोकळा झाल्यावर आपलं जुनं मशीन घेऊन आला आणि दादानं आत्याच्या पडवीत दुकान मांडलं. महिनाभर रांग होती.

“लोक फोन तांदळाच्या डब्यात घालून आणायचे,” दादा सांगत होता. “तांदूळ बाहेरून काय शोषणार? आत बोर्डावर चिखलाचं पाणी तसंच. त्यात दोन दिवस गेले की गंज. आणि त्याहून वाईट म्हणजे चार्जिंगला लावून बघायचे. ओल्या बोर्डात वीज गेली की तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात. मग मी काय करणार?”

भिजलेल्या फोनचं त्यानं सांगितलेलं शास्त्र असं. बंद करा, चालू करून बघायचा मोह टाळा. ज्याला येतं त्याच्याकडून उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. पुराचा चिखल असेल तर आधी शुद्ध पाण्यानं धुवा. ऐकायला उलटं वाटतं, पण चिखलातले क्षार काढले नाहीत तर वाळल्यावर तेच घात करतात. मग आयपीए, मऊ ब्रश, मंद ऊब. फोनवर पाण्यापासून संरक्षणाचा जो आकडा असतो, आयपी ६७ म्हणा, त्याचा अर्थ एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास, एवढाच. त्यात पुराचा प्रवाह, गाळ, डिझेल धरलेलं नाही. आणि फोन एकदा उघडून पुन्हा चिकटवला की आतली रबरी सील पहिल्यासारखी राहिलीच असं नाही. म्हणून दादा दुरुस्त केलेला फोन देताना प्रत्येकाला सांगतो, आता हा पाण्याचा नाही.

एक प्रसंग त्यानं सांगितला, तो माझ्या मनातून जात नाही. एकाच गल्लीतल्या दोन बायका फोन घेऊन आल्या होत्या. एकीचा महागडा, एकीचा साधा. दोघींनाही फोन नको होता, आतलं हवं होतं. पहिलीला कोविडमध्ये गेलेल्या आईचे फोटो, दुसरीला मुलाच्या लहानपणाचे. साध्या फोनात मेमरी कार्ड होतं. दादानं ते काढलं, स्वच्छ पाण्यानं धुतलं, रात्रभर वाळवलं, रीडरमध्ये घातलं. सगळे फोटो आले. कार्ड म्हणजे प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेली चिप. पाणी आत शिरायला जागाच नसते. महागड्या फोनात कार्डाची सोयच नव्हती. आतली साठवण मुख्य प्रोसेसरच्या किल्लीनं कुलूपबंद असते. मेमरीची चिप उपटून दुसरीकडे वाचता येत नाही, तो बोर्डच जिवंत करावा लागतो. दादा त्याच्यावर अकरा दिवस बसला. तो बोर्ड उठला नाही.

“तिला सांगायला मी स्वतः घरी गेलो,” दादा म्हणाला आणि समोरच्या फोनचे स्क्रू पुन्हा मोजायला लागला.

फोनच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचे आकडे ठळक असतात. कार्डाची फट गेली, ही गोष्ट कुठेच ठळक नसते. मला वाटतं, गावातल्या, नदीकाठच्या, वीज जाणाऱ्या ठिकाणच्या माणसांसाठी ती फट कॅमेऱ्याच्या चौथ्या भिंगापेक्षा कितीतरी मोलाची होती, आणि ती काढून घेताना त्यांना कुणी विचारलं नाही.

पॉवर बँकेचं गणितही त्यानंच समजावलं. वेष्टनावर दहा हजार लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. बाहेर पाच व्होल्टनं देताना आणि वाटेतली गळती धरून हाती सहा हजारांच्या आसपासच लागतं; मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड’ म्हणून तो खरा आकडा छापलेला असतो. माझा फोन त्यात दीड वेळा भरेल. आत्याचा सात-आठ वेळा. वीस हजारांची एक घेण्यापेक्षा दहाच्या दोन का? “एक शेजारी देता येते,” दादा म्हणाला. गणित तिथे संपलं.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन आले. १८६४ पासूनचं हे ग्रंथालय. २०१३ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात झालं ते याच संस्थेच्या पुढाकारानं. २००५ च्या पुरात इथली पुस्तकं गेली, २०२१ च्या पुरात पुन्हा गेली, आणि दोन्ही वेळा माणसांनी ग्रंथालय पुन्हा उभं केलं. मी तासभर वाचत बसले. शेजारच्या टेबलावर एक मुलगा जाड संदर्भग्रंथ उघडून वहीत उतरवून घेत होता, फोन पालथा ठेवून. त्या तासाबद्दल याहून अधिक काही सांगायचं नाही. तो फार चांगला गेला.

रात्री वीज गेली. गल्लीभर अंधार आणि पागोळ्यांचा आवाज. आत्यानं कसलीही घाई केली नाही. जिन्याकडे गेली, हात उंच केला, पिशवी उतरवली. दिव्याचा मंद उजेड ठेवून पट्टा कपाळावर बसवला आणि तवा पुन्हा गॅसवर चढवला. भाकरी थापायला दोन्ही हात मोकळे. मान वळेल तिथे उजेड. कुळथाच्या पिठल्याला कढ आला तेव्हा ती वाफ त्या उजेडात दिसत होती. या दिव्यात चार्ज होणारी बॅटरी आहे, आणि ती उतरलीच तर रिमोटला लागतात तसले तीन बारीक सेलही घालता येतात. ते सेल गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात मिळतात. दादानं चार महिने शोधून हाच घेतला होता. माझ्या सॅकमधला दिवा याच्या चौपट प्रकाशाचा आणि दुप्पट किमतीचा आहे, पण त्याची बॅटरी चिपळुणात मिळणार नाही. मी तो बाहेर काढला नाही. रेडिओ लावून मुलं गाणी ऐकत होती. दादानं फोनवर दामिनी उघडून पाहिलं. पुण्याच्या आयआयटीएमनं तयार केलेलं हे ॲप आपल्या भोवतीच्या परिसरात विजा कुठे पडतायत ते दाखवतं. आसपास काही नव्हतं. मग त्यानं फोन खिशात टाकला आणि आम्ही जेवायला बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोटला गेलो. डोंगरावर गोविंदगड, खाली करंजेश्वरीचं देऊळ आणि त्याच्या पुढे वाशिष्ठीचा धक्का. इथून पुढे नदीची खाडी होते आणि दाभोळला समुद्राला मिळते. धक्क्यावर दादाचा एक मित्र जाळं सांधत बसला होता. गळ्यात फोन, पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात. ते पाकीट घेतल्यावर त्यानं आधी आत नुसता कागदी रुमाल घालून रात्रभर बादलीत दगडाखाली बुडवून ठेवलं होतं. रुमाल कोरडा निघाला, तेव्हा फोन आत गेला.

मी भरतीची वेळ विचारली. त्यानं आधी तिथी सांगितली, मग तिची पाऊणपट केली. किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब: तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ती झाली समुद्राकाठची. मग इथवर खाडी चढायला लागणारा वेळ त्यानं मनानं मिळवला. फोनमध्येही भरतीचं ॲप आहे, तो दोन्ही बघतो. दोन्हींत फरक पडला तर त्या दिवशी नदीत वरून जास्त पाणी आलंय असं समजतो. यंत्र आणि पाठांतर यांचा असा एकत्र उपयोग मी आधी पाहिला नव्हता.

त्याच्या जवळही डोक्याचा दिवा होता, आणि त्याचं कारण वेगळं होतं. वाशिष्ठीत मगरी आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात तर एक मगर रात्री चिपळूणच्या भर रस्त्यानं चालत गेली, त्याचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं. रात्री होडी लावताना, पाण्यात पाय टाकायच्या आधी, तो काठावरून दिवा फिरवतो. मगरीच्या डोळ्यांवरून उजेड लालसर परत येतो. पण तो ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं परत येतो. टॉर्च कमरेशी धरला तर आपल्या डोळ्यांना तो धड दिसत नाही. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या लगत असतो, म्हणून दिसतो. “हातातल्या टॉर्चनं मला पूर्वी कधी दिसायच्या नाहीत. मला वाटायचं, इथे नाहीतच,” तो म्हणाला.

त्याला दिव्याचे पैसे किती पडले विचारलं. रक्कम त्याला आठवेना. किती पावसाळे झाले ते मात्र बोटांवर मोजून सांगितलं: पाच.

दुपारच्या गाडीनं परत निघाले. निघण्याआधी आत्यानं माझी सॅक पडवीत उघडायला लावली. एकेक वस्तू बाहेर काढून ती एकच प्रश्न विचारत होती: “ही शेवटची कधी लावलीस?” ज्यांचं उत्तर देता आलं नाही त्या मी निमूट बाजूला ठेवल्या. एक जास्तीची पॉवर बँक मुलांसाठी तिथेच राहिली. मोठ्या उजेडाचा दिवा दादाला दिला. दुकानात बॅटरीसकट काही जमवता येतं का बघतो म्हणाला. त्याच्या बदल्यात त्यानं स्वतःचा एक जुना, पट्टा मळलेला, बारीक सेलांचा दिवा माझ्या हातात ठेवला.

“खेड गेलं की दोन शब्द टाक,” आत्या म्हणाली. “फोन नको करू. मेसेज.”

वालोप्याहून गाडी सुटली. खेडला उभी राहिली तेव्हा मी लिहिलं: ‘खेड गेलं. जागा आहे.’ पाठवलं, पण बाजूचं चक्र फिरतच राहिलं. गाडी नातूवाडीच्या बोगद्यात शिरली. डब्यातले दिवे खिडकीच्या काचेवर उमटले आणि सगळ्यांचे फोन एकदम मुके झाले. समोरची बाई मुलाला मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली. बोगदा संपला, हिरवा उजेड आत आला, आणि हातातला फोन दोनदा थरथरला. पहिला थरकाप माझा मेसेज गेल्याचा. दुसरा आत्याचा:

‘वीज आली. पिशवी चार्जिंगला लावली.’